हात वर केला की थांबायचं

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
७ ऑगस्ट १९९४

दत्ताराम,

जयभीम. डहाणूला नोकरी धरलीस हे मला तुझ्याकडून नाही, पेणकरपाड्यातल्या तुझ्या वहिनीकडून कळलं. ती भाचीची दाढ दाखवायला आली होती. "भावजी काय बोलले न्हाईत तुमाला?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, भावजी कोणाशी कधी काय बोललेत? ती हसली. मी हसले नाही.

तू दवाखाना सोडलास त्याबद्दल हे पत्र नाही. आपण एकत्र पाटी लावली, एकत्र दोन खुर्च्या घेतल्या, आणि एका भांडणावर तू तुझी पक्कड-आरसे पिशवीत घालून निघालास. तो तुझा निर्णय. हे पत्र निबंधाबद्दल आहे. दंतवैद्यांच्या डिसेंबरच्या अधिवेशनात तो वाचायचाय, त्यावर दोन नावं आहेत, आणि तुझी सही नाही.

पहिला परिच्छेद मी सोपा करून लिहिलाय, कारण समोर शाळांत दातांची शिबिरं घेणाऱ्या ट्रस्टचे लोक बसणार आहेत आणि त्यात डॉक्टर थोडे. तो असा: लहान मुलाच्या खालच्या दाढेवर काम करायचं तर भूल दोन प्रकारे देता येते. एक, जबड्याच्या मागच्या टोकाला, जिथे नस हाडात शिरते तिथे लांब सुईने. याला ब्लॉक म्हणतात. अर्धा जबडा, अर्धी जीभ, अर्धा ओठ काही तास बधिर. दुसरी, त्या एका दाढेच्या मुळाशी हिरडीत बारीक सुईने. तेवढीच जागा बधिर, थोडाच वेळ. आम्ही पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत दोन्ही प्रकार वापरून पाहिले. ब्लॉक डॉ. संघप्रिया वाहूळ यांनी दिले, दाढेशेजारची भूल डॉ. दत्ताराम भोईर यांनी. ब्लॉक दिलेली मुलं फार कमी रडली.

यात चूक कुठे आहे ते मला दाखव. खुर्चीशेजारी ट्रे धरून उभ्या असलेल्या इंदुबाईसमोर तू जे म्हणालास ते दाखवणं नव्हे, तो टोमणा होता. "भूल औषधाने आलेली नाही, बाई, तुझ्या जिभेने आलीय." बारा वर्षांच्या ओळखीत तू एवढं लांब वाक्य पहिल्यांदा बोललास, आणि तेही हे.

माझ्या जिभेचं म्हणशील तर ती मी कमावलीय. परभणीच्या दवाखान्यात मी सात वर्षांची असताना माझी दाढ भूल न देता काढली. कंपाउंडरने पाय धरले होते. माझ्या बापाने विचारलं, सुई नाही का देत? डॉक्टर म्हणाला, "तुमची पोरं मजबूत असतात, त्यांना लागत नाही." हे वाक्य मी तेव्हापासून तोंडात धरून आहे. कॉलेजच्या वादविवादात, युनियनच्या सभेत, विहाराच्या ओट्यावर मी जे बोलत आले ते सगळं त्या एका वाक्याला दिलेलं उत्तर आहे. म्हणून मला अर्धवट भूल नको. पूर्ण जबडा बधिर झाला पाहिजे, म्हणजे कोणाच्या पोराला मजबूत असावं लागणार नाही.

अधिवेशनात जे ठरेल तीच पद्धत ट्रस्ट भाईंदरपासून उत्तनपर्यंतच्या सगळ्या शाळाशिबिरांत लावणार आहे. तुझ्या रुसव्यासाठी मी ते अडवून धरणार नाही. सही करून कागद परत पाठव.

संघप्रिया


सिल्व्हर पार्क
११ सप्टेंबर १९९४

दत्ताराम,

पोस्टकार्ड मिळालं. पंधरा पैशांच्या कार्डावर तीन वाक्यं: "सही नाही. हात बदल. मग बघू." एवढं लिहायला महिना लागला.

हात बदल म्हणजे काय ते मला कळतं, मी मूर्ख नाही. तुझं म्हणणं असं की ब्लॉक फक्त मी दिले आणि दुसरी सुई फक्त तू दिलीस, तेव्हा तुलना दोन सुयांची झाली नाही, दोन माणसांची झाली. पण तसं का केलं ते विसरलास? तुझा ब्लॉकवर विश्वास नाही आणि माझा तुझ्या सुईवर नाही. ज्याचा ज्यावर विश्वास नाही ते त्याने मुलाच्या तोंडात का घालावं? हा प्रामाणिकपणा होता. आपण दोघांनी मान्य केला होता. तेव्हा तू मान हलवली होतीस. तुझ्या मान हलवण्याचा अर्थ काय धरायचा हे आता मला कोण सांगणार?

आणि मी मुलांशी बोलते हा दोष कधीपासून झाला? गुजराती पोराशी गुजरातीत, हिंदीवाल्याशी हिंदीत, उत्तनजवळच्या डोंगरीच्या पोराशी त्याच्या भाषेत जमेल तसं. सुई दाखवते, का टोचायची ते सांगते, दाढेतल्या किड्याची गोष्ट सांगते, राज्यघटना सोडून सगळं सांगते. तू म्हणतोस "आ कर" आणि कामाला लागतोस. मग तुझी पोरं रडली तर तो तुझ्या सुईचा दोष नाही, असा तुझा युक्तिवाद आहे. वाद घालणाऱ्याने स्वतःच्याच बाजूवर टाकलेला इतका मोठा धोंडा मी पाहिला नाही.

इकडे पाण्याचं आंदोलन चाललंय. नगरपालिकेसमोर परवा दोन तास बोलले, माइक बंद पडला तशीच बोलत राहिले. घसा बसलाय. इंदुबाई म्हणते, "मॅडम, तुमचा आवाज गेला तर दुकान बंद करायला लागेल." मीठ-पाण्याच्या गुळण्या करतेय, जाईल.

कागद पुन्हा पाठवतेय. सोबत परतीचं पाकीट, तिकीट लावून.

संघप्रिया


सिल्व्हर पार्क
१६ ऑक्टोबर १९९४

दत्ताराम,

घसा गेला नाही, आवाज गेला. घशाच्या डॉक्टरांनी आरशात बघून सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी आल्यात, साध्या आहेत, पण महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. मी पाटीवर लिहून विचारलं, विजयादशमीचं भाषण? ते म्हणाले, यंदा ऐका.

मी ऐकलं. विहारात पहिल्यांदाच खाली सतरंजीवर बसले. माझ्या जागी सुभाष बोलला, बँकेतला. तो वाईट बोलत नाही, फक्त प्रत्येक वाक्यानंतर टाळ्यांसाठी थांबतो. हे तुला सांगायचं नव्हतं.

सांगायचं ते बंटीबद्दल. समोरच्या इमारतीतला, हार्डवेअरच्या दुकानवाल्या शाहांचा मुलगा, सात वर्षांचा. जूनमध्ये त्याची खालची उजवी दाढ मी भरली होती. ब्लॉक दिला होता. इंदुबाई पाच चेहऱ्यांची पट्टी पुढे धरते ना, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, त्यात त्याने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं होतं. आपल्या निबंधातल्या उत्तम मुलांपैकी तो एक.

मंगळवारी डावी दाढ घेऊन आला. दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवावं असं मनात आलं, पण तो माझाच हात मागत होता. बोलायचं नाही एवढंच. इंदुबाईलाही गप्प राहायला सांगितलं होतं, कारण तिचं समजावणं म्हणजे "चूप बैठ, नहीं तो बड़ी सुई लाएँगे."

तोच मुलगा. तीच सुई, त्याच कंपनीचं औषध, तोच हात. सुई जवळ येताच त्याने खुर्चीचे हात पकडले. टोचली आणि त्याने किंकाळी फोडली, माझ्या बोटाला चावला, पाय इंदुबाईच्या पोटात बसले. औषध बरोबर जागी गेलं होतं. ओठ बधिर झाला, काम करताना दाढ दुखली नसणार. तरी तो शेवटपर्यंत रडत राहिला. पट्टी पुढे धरली तर त्याने सगळ्यात रडक्या चेहऱ्यावर बोट नाही ठेवलं, मूठ मारली.

बाहेर त्याची आई म्हणाली, "मॅडम, इस बार आपने बराबर नहीं किया."

एका मुलावरून काही सिद्ध होत नाही. हे वाक्य तू मला कॉलेजात शिकवलंस, आणि मी ते आज तुझ्याविरुद्ध वापरतेय. त्यानंतरही चार-पाच जण आली. त्यांच्याबद्दल लिहीत नाही.

संघप्रिया


सिल्व्हर पार्क
३० ऑक्टोबर १९९४

दत्ताराम,

तुझं पत्र आलं नाही, तरी लिहितेय. बोलता येत नसलं की माणूस फार लिहितो.

डोंगरीहून चंपाबाई आल्या होत्या, नात अंबिकाला घेऊन. मुलगी सहा वर्षांची. खालची दाढ इतकी किडलेली की काढण्यावाचून इलाज नव्हता. मी ब्लॉक दिला, दाढ काढली. पोर रडली, पण झालं. ब्लॉकनंतर मी नेहमी सांगते: ओठ बधिर आहे, मुलं गंमत म्हणून चावतात, तीन तास लक्ष ठेवा, खायला देऊ नका. यावेळी तेच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चंपाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी कागद पाहिला, मान हलवली, नीट घडी घालून कमरेला खोचला आणि बस पकडायला निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत. पोरीचा खालचा ओठ सुजून लिंबाएवढा, आतून पांढरा पडलेला. हळद भरली होती.

"दाढ न्हाय दुखत तिची," चंपाबाई म्हणाल्या. "पन व्हट बघा कसा खाल्लाय. बसमधी चावत व्हती, मना वाटला पान चघळल्यासारी खेळते."

मी खिशातून एक कोरा कागद काढून दाखवला आणि काल दिला होता तो कुठे, अशी खूण केली.

"दिलाव की. पन मना काय वाचता येतं, बाय? मी बोल्ले, डाक्टरीन बोलत न्हाय तर कागद भारी असंल, देवापुढं ठेवला."

मी तिथे उभी होते आणि मला ओरडायचं होतं. त्यांच्यावर नाही. माझा आजा अंगठा उठवायचा. अक्षराची वाट अडवलेल्या माणसाच्या हातात कागद देणं म्हणजे काय, यावर मी तासभर बोलू शकते, बोललेय. आणि तेच मी केलं. अंबिकाचा ओठ आठ-दहा दिवसांत भरून येईल, औषध दिलंय, डागही राहणार नाही. पण मला दिसतंय ते वेगळंच. शिबिरात कोण असणार आहे? नुकता पास झालेला एखादा पोरगा, समोर शाळेच्या व्हरांड्यात मुलांची रांग, हिंदी येते तर मराठी नाही, मराठी येते तर डोंगरीची नाही. तो माझा निबंध वाचून ब्लॉक देणार आणि पोरं बसने घरी जाताना ओठ खाणार. निबंधात ते कुठेच येणार नाही, कारण आपली मोजणी मूल खुर्चीवरून उतरलं की संपते. माझ्या मुलांनी ओठ खाल्ले नाहीत, कारण मी त्यांच्या आयांना दारापर्यंत जाऊन बजावत होते.

आज बंटी दाढ दाखवायला आला. मी पाटीवर हिंदीत लिहिलं: इतना क्यों रोया? त्याने वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं की हे विचारायची गरज काय.

"पिछली बार आपने बोला था, हाथ ऊपर करेगा तो रुक जाऊँगी. मैंने ऊपर किया, आप रुकी थी. इस बार आपने बोला ही नहीं."

"तो हाथ ऊपर करना था ना," इंदुबाई म्हणाली.

"बोला नहीं तो कैसे रुकेंगी?" बंटी म्हणाला.

दत्ताराम, किड्याची गोष्ट त्याला आठवत नाही. मी विचारलं, लिहून. गुजरातीत मी जे काय रचून सांगते, ज्याचा मला इतका अभिमान आहे, त्यातलं त्याला काही आठवत नाही. एक वाक्य आठवतं, आणि ते मी पाळलं होतं हे आठवतं.

तर माझा प्रस्ताव असा. निबंध मी मागे घेतलेला नाही आणि माझा मुद्दाही सोडलेला नाही. कोणाच्या पोराला मजबूत असावं लागू नये, यावर मी मरेपर्यंत उभी आहे. पण तो मुद्दा या कागदावर उभा राहत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुलं येतील. तू रविवारी ये. दोघांनी दोन्ही सुया द्यायच्या. कोणती द्यायची ते इंदुबाईच्या डब्यातलं बटण ठरवेल, लाल किंवा पांढरं. चेहऱ्यांची पट्टी धरणाऱ्याला आत काय टोचलं ते कळता कामा नये. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरी चौकशी, ओठासकट. आणि प्रत्येक मुलाला दोघांनीही तीच चार वाक्यं सांगायची, त्याच्या भाषेत. ना एक जास्त, ना एक कमी. जास्तीचा मोह मला होणार, कमीचा तुला.

माझं मौन आणखी दोन आठवडे आहे. तोवर बोलायचं काम तुझं. हे लिहिताना इंदुबाई मागून वाचतेय आणि हसतेय.

संघप्रिया


सिल्व्हर पार्क
८ जानेवारी १९९५

दत्ताराम,

अधिवेशनातून परत आल्यावर पहिलं पत्र तुला. तू तिथे होतास, तेव्हा झालं ते सगळं पुन्हा लिहीत नाही. पण तू बघत होतास आणि मी बोलत होते, म्हणजे दोघांनी दोन वेगळी अधिवेशनं पाहिली असणार.

आधी रविवारांबद्दल. तू आलास, कोट घातलास, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. ती चार वाक्यं तू अशी म्हणायचास जशी बसचा कंडक्टर थांबे सांगतो. "ही सुई आहे. मुंगी चावल्यासारखं होईल. मग जड वाटेल. हात वर केलास तर मी थांबेन." मान खाली, आवाज एकसुरी. मी मागे मुकी उभी राहून मनातल्या मनात तुला दुरुस्त करत होते. आणि मुलं रडत नव्हती. पहिल्या दिवशी मला ते अपमानासारखं वाटलं. अंबिकाच्या शेजारची ती बारकी पोर आठवते? तिने तीनदा हात वर केला, तू तीनदा थांबलास, चौथ्यांदा तिने फक्त बोट वर केलं आणि थांबतोस का ते बघून हसली. मी आवाजाच्या जोरावर जे मिळवते असं समजत होते ते तू कंडक्टरच्या सुरात मिळवलंस.

आकडे तुझ्याजवळ आहेत. दाढ भरायची असेल तर या वयाच्या मुलांत दोन्ही सुयांत फरक दिसला नाही. मग लांब सुई कशाला, हा तुझा मुद्दा बरोबर. दाढ काढायची किंवा आतली नस साफ करायची असेल तर तुझी सुई अपुरी पडली, मुलं दुखून हात वर करत होती, आणि तिथे ब्लॉकच लागतो, हा माझा मुद्दा बरोबर. ओठ खाल्ले ते सगळे ब्लॉकवाले, आणि ज्यांना आपण बजावलं होतं ते मूल घरी सोडून कामावर गेले होते. म्हणून ताकीद घरी जो असेल त्याला द्यायची, तोंडाने द्यायची, आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यायची. हे सगळं मी वाचलं तेव्हा सभागृहात जांभया होत्या. मला जांभयांची सवय नाही.

मग ते मागच्या रांगेतले ज्येष्ठ डॉक्टर उठले. पांढरा सफारी, सोन्याची साखळी. "मॅडम, एवढा खटाटोप कशासाठी? शिबिरातली पोरं. थोडं रडतात, दोन मिनिटांत होऊन जातं. त्यांना सवय असते."

त्यांना सवय असते. दत्ताराम, परभणीचा तो डॉक्टर केव्हाच मेला असेल, पण त्याचं वाक्य नवा सफारी घालून फिरतंय. मी कागद खाली ठेवले. काय बोलले ते मला पूर्ण आठवत नाही. कोणाची पोरं, कोणती सवय, कोणी लावली, इथून सुरुवात केली. आवाज चढत गेला. छान चढत होता. महिनाभराच्या मौनात साठून राहिलेलं सगळं येत होतं आणि पुढच्या रांगा सरळ होऊन बसल्या होत्या. अध्यक्षांनी घंटा वाजवली म्हणतात, तीनदा. मला एकदाही ऐकू आली नाही. घशात तो ओळखीचा काचेचा तुकडा हलायला लागला होता, त्याचीही पर्वा नव्हती. ट्रस्टच्या बाई वही मिटून वर बघत होत्या. आता चार वाक्यं कोणाला आठवणार नव्हती. त्यांना मी आठवणार होते.

तेव्हा तिसऱ्या रांगेत तू हात वर केलास.

मी थांबले. वाक्याच्या मधेच. सभागृहाला वाटलं मी शब्द विसरले. अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानले. मी कागद उचलले, ट्रस्टच्या बाईंकडे बघून ती चार वाक्यं एकदा वाचली, एकसुरी, तुझ्यासारखी, आणि खाली उतरले. बाईंनी वही पुन्हा उघडून ती लिहून घेतली. काल त्यांचा निरोप आला. मार्चपासूनच्या शिबिरांत दोन्ही सुया राहणार, कोणती कधी ते आपण लिहिलंय तसं. आणि खुर्चीशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ती चार वाक्यं येत असल्याशिवाय शिबिरात घेणार नाहीत.

मी बाहेर आले तोवर तू गाडी पकडायला निघून गेला होतास. तू हात वर केलास तो सभेत प्रश्न विचारायचा होता म्हणून, की माझ्या घशाचा त्रास तुला दिसला म्हणून, की ते भाषण पुरे झालं असं वाटलं म्हणून, हे मला कळलेलं नाही. विचारण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं आणि आता वाटतं, न कळलेलं बरं. मुलाने हात वर केला की का केलास असं आपण विचारत नाही. आधी थांबतो.

दुसऱ्या खुर्चीवर मी कोणाला घेतलेलं नाही. इंदुबाई रोज पुसते.

संघप्रिया